चोडणची पाळी

पहिल्या रविवारी मी सतरा खुर्च्या मांडल्या.
माणसं आली सात,
त्यातला एकजण नुसता वायफायसाठी.
पतपेढीच्या माडीवर, पंखा कटकट करणारा,
मी वहीत रेघा ओढल्या:
कोण, काय तपासणार, कुठल्या मशीनवर, किती वाजता.

पॅकेज लहानसं. गावच्या वाचनालयाची सभासद-नोंदणी.
लिहिणारी मुलगी कुठल्याशा थंड देशातली,
आम्ही तिला पाहिलेलं नाही.
लोकांच्या हाती जाण्याआधी चुका सापडाव्यात
म्हणून तिनं जगाला विचारलं, कोण तपासेल?
तर चोडणनं हात वर केला,
म्हणजे मी केला, चोडणला न विचारता.
मी तर रायबंदरचा, फेरीबोटीनं येणारा.

कुमुदिनी टीचरना सांगितलं, मुद्दाम चुका.
त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.
छत्तीस वर्षं लाल शाई वापरलेल्या बाईला
कसं सांगायचं, नावाच्या जागी आकडे लिहा,
पत्ता कोरा ठेवा, एकच बटण वीसदा दाबा,
मध्येच वायर ओढा?
दोन रविवार त्यांचा अर्ज निर्दोष.
सुवाच्य,
आणि आमच्या काहीच कामाचा नाही.

तिसऱ्या रविवारी फ्रेयाच्या घरी नोव्हेना.
चौथ्याला फुटबॉल.
पाचव्याला वीज गेली, मी आणि अंकुश वळवईकर
मोबाइलच्या उजेडात यादी वाचत बसलो.
ज्याला पगार देत नाही
त्याच्यावर रागावताही येत नाही, हे तेव्हा कळलं.
फोन करायचा, येतोस ना विचारायचं,
आणि पातळभाजी-पाव सांगून ठेवायचा, दोन पाव जास्तीचे.

सहाव्या रविवारी यादीभर हिरव्या खुणा.
अंकुश म्हणाला, पाठवून टाकू, नऊची बोट चुकेल.
जोवितो फुर्तादो अजून तिसऱ्या रकान्यात होता.
आधी तो खाजनाच्या मानशीवर असायचा.
भरतीला दार लावायचं, ओहोटीला उघडायचं,
रात्री कंदील घेऊन बांधावरून चालत
खेकड्यांची भोकं शोधायची.
एका बोटानं टाइप करतो. बोटसुद्धा
दाबायच्या आधी थोडं थांबतं.
म्हणाला, अरे, हे माझा जन्म चुकवतंय.

त्यानं लिहिलं होतं सप्टेंबर, अठ्ठेचाळीस.
स्क्रीनवर एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.
परत लिहिलं. परत सत्तर.
टीचर खुर्ची ओढत आल्या, आपली बावन्नची तारीख घातली,
एकेक आकडा मोठ्यानं म्हणत.
एक जानेवारी, सत्तर.

आम्ही बाकीचे सगळे सत्तरनंतरचे.
आमच्या हिरव्या खुणा खोट्या नव्हत्या,
त्यांना फक्त आम्हीच भेटलो होतो.

म्हणजे आपण जुळे, जोवितो टीचरना म्हणाला,
केक कोण आणणार ते ठरवा.
टीचर हसल्या नाहीत.
स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग कुणी न सांगता
तेरावा महिना लिहिला.
मग तीस फेब्रुवारी.
मग जन्मतारखेच्या जागी, नीट काना-मात्रा देऊन,
कशाला हवी.
पॅकेज आडवं पडलं.
त्या पहिल्यांदा खूश दिसल्या.

नऊची बोट गेली.
मी पायऱ्या लिहून काढल्या, कुठे काय टाकलं, काय दिसलं,
जोवितो शेजारी बसून म्हणाला,
भोक कुठे आहे एवढंच लिही,
खेकड्याला शिव्या नकोत.

दहाच्या बोटीवर मी, दोन स्कूटर आणि एक कुत्रा.
दोर सोडणाऱ्याला सहज विचारलं, तुमचं जन्मसाल?
तो म्हणाला, साल कोण जाणे,
चवथीच्या आसपास, एवढं आई सांगायची.

मी वही परत उघडली.